विज्ञानकथेतले सेनापती आणि आपले पानिपत

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी जेसल पार्कातल्या आमच्या घरी दोन लढाया एकदमच चालू होत्या. सुट्टीला आलेला माझा भाचा टीव्हीवर ‘स्टार वॉर्स’ मालिकेतले चित्रपट ओळीने पाहत होता आणि मी खिडकीशी बसून ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा कितव्यांदा तरी वाचत होतो. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यांच्या जाण्याची बातमी ताजी होती आणि अशा वेळी माणूस करतो तेच मी करत होतो. त्यांची पुस्तके फडताळातून काढून पुन्हा वाचत होतो.

मध्येच भाच्याने चित्रपट थांबवला. “मामा, हे काहीही आहे. एवढं मोठं आरमार हाताशी आहे, आणि हा अ‍ॅडमिरल थेट शत्रूच्या दारात जाऊन उभा राहतो. शत्रू सावध होणारच ना! इतका मूर्ख माणूस अ‍ॅडमिरल होईलच कसा?”

मी म्हणालो, “पानिपत वाच. मग असं म्हणणार नाहीस.”

तो म्हणाला, “ते खरं घडलंय. खऱ्यात काहीही घडू शकतं. गोष्टीत नाही चालत.”

त्याने चित्रपट पुढे सुरू केला, पण माझे वाचन तिथेच थांबले. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. इतिहासाला पुरावा लागतो. तो मिळाला की घटना कितीही चमत्कारिक असो, मान्य करावीच लागते. गोष्टीजवळ पुरावा नसतो. तिला कारण द्यावे लागते. मग विज्ञानकथेत, जिथे शस्त्रे, ग्रह, वेग असे सारेच कल्पित असते, तिथे सेनापतीचा निर्णय पटतो किंवा पटत नाही, हे आपण कशाच्या आधारावर ठरवतो? आणि माझ्या हातातल्या कथेत तर कल्पित शस्त्र एकही नव्हते. होती ती १४ जानेवारी १७६१ ची लढाई आणि एक हुकलेली गोळी. तीही आपल्याला पटते का?

पुढचे काही महिने मी या प्रश्नाच्या मागे होतो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

खाडीच्या मुखाशी

सुरुवात घराजवळूनच करू. जेसल पार्कची चौपाटी म्हणजे वसईच्या खाडीचा काठ. उल्हास नदीचा एक फाटा घोडबंदराकडून येतो, आमच्यासमोरून जातो, रेल्वेच्या पुलाखालून पाणजू बेटाला वळसा घालतो आणि समुद्राला मिळतो. त्या मुखाशी उत्तरेला वसईचा किल्ला आहे. दक्षिणेला, भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याने गेले की चौक गावाशी धारावीचा किल्ला लागतो. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. तिथे आता चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटेत एका खऱ्या मोहिमेचा नकाशाच भेटतो.

त्या मोहिमेतला निर्णय काय होता, ते पाहा. वसईचा कोट भक्कम, आत पोर्तुगिजांच्या तोफा, आणि समुद्राची वाट त्यांना मोकळी. मराठ्यांनी आधी १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी बेट घेतले. मीरा-भाईंदर हा त्याच साष्टीचा उत्तर भाग. पुढे चिमाजी अप्पांनी १७३९ च्या आरंभी उत्तरेकडची ठाणी पाडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोलाचा माणूस गेला, तरी ते थांबले नाहीत. खाडीच्या दक्षिण तोंडावरचे धारावी घेतले, वेसावे घेतले. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला आणि ती एकटी पडली.

तरीही ती उपासमारीने पडेल असा भरवसा नव्हता, कारण समुद्र उघडा होता. शिवाय वेळ कमी होता. जून आला की पाऊस; खंदक, मोर्चे, सुरुंग सगळे पाण्यात. त्याच वसंतात नादिरशहा दिल्लीत शिरला होता आणि बाजीरावांना उत्तरेच्या काळजीने चिमाजींची फौज लवकर मोकळी हवी होती. म्हणून मे महिन्यात सुरुंग लावून थेट हल्ला झाला. काही सुरुंग वेळेवर उडाले, काही उशिरा उडाले आणि पुढे घुसलेली आपलीच माणसे त्यांत गेली. मराठ्यांचे नुकसान हजारांच्या घरात होते. अखेर मेच्या मध्यावर पोर्तुगिजांनी तह केला आणि चिमाजींनी त्यांना शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू दिले.

हा निर्णय आपल्याला पटतो, पण तो यशस्वी झाला म्हणून नव्हे. सुरुंग सगळेच फसले असते तरी पटला असता. चिमाजींना काय ठाऊक होते, त्यांच्याकडे किती दिवस होते, वरून कसला दाब होता आणि समोरचा काय करू शकत होता, हे सगळे आपल्याला दिसते. त्या चार भिंतींच्या आत उभे राहिले की निर्णयाला फारशा वाटाच उरत नाहीत.

यावरून मी स्वतःपुरते पाच प्रश्न काढले. एक, रसद कुठून येते? दोन, सेनापतीला त्या क्षणी काय माहीत होते? तीन, वेळ आणि अंतर किती? चार, हुकूम कोणाचा आणि तो मोडला तर काय? पाच, शत्रूला अक्कल आहे का? निर्णय शहाणपणाचा आहे का, हा प्रश्न या यादीत नाही. ते मुद्दाम. खऱ्या युद्धांत मूर्खपणाची उणीव कधीच नव्हती.

पडद्यावरचे आणि पानांवरचे

आता भाच्याच्या अ‍ॅडमिरलकडे येऊ. चित्रपट १९८० चा, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’. बर्फाच्या ग्रहावर बंडखोरांचा तळ आहे. साम्राज्याचा अ‍ॅडमिरल ओझेल आपले आरमार ग्रहाच्या फार जवळ बाहेर काढतो. अचानक गाठले की शत्रू गोंधळेल, असा त्याचा हिशेब. शत्रू सावध होतो, संरक्षक कवच उभारतो, आणि आता वरून मारा करणे अशक्य होते. जनरल व्हीर्सला जमिनीवर उतरून कवचाचे यंत्र पाडावे लागते. बंडखोर खंदकांत उभे राहतात ते जिंकायला नाही, तर मागची जहाजे निसटेपर्यंत वेळ काढायला.

माझ्या मते ही त्या मालिकेतली सर्वांत पटणारी लढाई आहे. चूक एका माणसाची, त्याच्या समजुतीतून झालेली. तिची किंमत दुसरा मोजतो. शत्रू तिचा लगेच फायदा घेतो. पिछाडी सांभाळत मुख्य फौज वाचवणे हे तर प्रत्येक मराठी वाचकाला पावनखिंडीपासून ठाऊक आहे. आणि चुकलेल्या अ‍ॅडमिरलला जागीच ठार मारणारा वरिष्ठ असला की हाताखालचे लोक पुढे वाईट बातमी सांगायला कचरणार, हेही ओघाने आले.

याच मालिकेतल्या २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये मात्र गणित बिघडते. एक सेनानी आपले रिकामे जहाज प्रकाशाच्या वेगाने शत्रूच्या आरमारात घुसवते आणि एका फटक्यात त्याचे तुकडे होतात. दृश्य डोळे दिपवणारे आहे. पण ते पाहताच मागचे सगळे चित्रपट डळमळू लागतात. एका रिकाम्या जहाजात एवढी ताकद असेल, तर इतकी वर्षे कोणी तसे का केले नाही? शस्त्र एकदा सापडले की ते सर्वांचे होते, शत्रूचेही. मालिका लिहिणाऱ्याला हे बंधन सुट्या गोष्टीपेक्षा जास्त जाचते. आजच्या भागातली युक्ती त्याला कालच्या आणि उद्याच्याही भागात जमवून घ्यावी लागते.

हे बंधन एच. जी. वेल्सने १८९८ मध्येच पाळले होते. त्याच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’मध्ये मंगळवासी पहिल्या दिवशी सैन्याचा फडशा पाडतात. मग इंग्रज तोफखाना झाडीत लपवला जातो आणि एक मंगळयंत्र तोफेच्या गोळ्याने खरोखरच कोसळते. त्यावर मंगळवासी काय करतात? ते तोफांच्या जवळ जायचेच सोडतात आणि दुरून काळा विषारी धूर सोडतात. एक पाऊल याचे, एक त्याचे. दोन्ही बाजू शिकतात. पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूच्या पंधराएक वर्षे आधी हे लिहिले गेले आणि आजही त्यातले सैनिक खोटे वाटत नाहीत.

रसदेच्या प्रश्नावर बहुतेक मालिका नापास होतात. अंतराळातली आरमारे काय खातात, इंधन कुठून भरतात, कोणी विचारत नाही. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (१९६५) याला अपवाद आहे. तिथे एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर सैन्य न्यायचे तर वाहतुकीची मक्तेदारी असलेल्या संघाला जबर भाडे मोजावे लागते आणि हल्ला करणारा सरदार त्या खर्चाचा हिशेब मांडत बसतो. ज्याच्यावर हल्ला होणार, त्या ड्यूकला हा सापळा असल्याचे आधीच कळलेले आहे. तरी तो जातो, कारण सम्राटाचा हुकूम आहे. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या सरदार घराण्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

हुकुमाच्या प्रश्नावर आयझॅक अ‍ॅसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतला बेल रिओस मला फार आवडतो. कर्तबगार सेनापती, लढाया जिंकत चाललेला. पण विजय मिळत असतानाच सम्राट त्याला परत बोलावतो, कारण एवढा यशस्वी सेनापती उद्या सिंहासनावर डोळा ठेवील. अ‍ॅसिमॉव्हने रोमन साम्राज्याचा इतिहास समोर ठेवून ही मालिका रचली आणि रिओसमागे सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस उभा आहे. म्हणजे ज्या निर्णयाने वाचक चकित होतो, तो सहाव्या शतकात घडून गेलेला होता.

आणि एक गमतीची गोष्ट. ‘स्टार ट्रेक’च्या १९६६ च्या मालिकेत अनोळखी ग्रहावर उतरायची वेळ आली की जहाजाचा कप्तान, त्याचा पहिला अधिकारी आणि डॉक्टर असे तिघेही एकदमच उतरतात. मागे जहाज कोणाच्या भरवशावर? यावर इतकी थट्टा झाली की १९८७ च्या पुढच्या मालिकेत कप्तानाला खाली जाऊ न देणे हे दुय्यम अधिकाऱ्याचे कामच होऊन बसले. मीही या प्रकाराला हसत असे. पानिपताकडे या प्रश्नांसह पुन्हा पाहीपर्यंत.

पानिपतचा कस

पेशव्यांचा अठरा-एकोणीस वर्षांचा वारस विश्वासराव आणि प्रत्यक्ष सेनापती सदाशिवरावभाऊ, दोघेही रणांगणाच्या मध्यभागी, सगळ्यांना दिसतील असे. आजच्या कोणत्याही सैनिकी शाळेत याला नापासाचा शेरा मिळेल. पण त्या काळी फौज कोणासाठी लढत होती? पगाराची हमी, वतनाची आशा, निष्ठा हे सारे एका घराण्याशी, एका माणसाशी बांधलेले होते. धनी हत्तीवर दिसतो तोवर लढाई चालू. अंबारी रिकामी दिसली की लढाई संपली. उत्तर हिंदुस्थानातल्या कितीतरी लढाया अशाच संपल्या होत्या. म्हणजे ‘स्टार ट्रेक’चा कप्तान एका व्यवस्थेत हास्यास्पद आणि दुसऱ्या व्यवस्थेत अपरिहार्य ठरतो. निर्णय पटतो की नाही हे ती फौज कशाच्या बळावर उभी आहे यावर ठरते. लेखकाने ते आधी सांगितलेले असले पाहिजे, एवढेच.

आता पाच प्रश्न ओळीने घेऊ.

रसद. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, पण तिजोरी भरली नाही. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकला तेव्हा धान्य मिळाले. ते पुरणारे नव्हते. फौजेबरोबर बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे असा मोठा जमाव होता. लढणाऱ्या एका पोटामागे न लढणारी किती पोटे, हा हिशेब भाऊंच्या छावणीला अखेरपर्यंत सुटला नाही. बुणगे मागे ठेवण्याचा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता, असे बखरी आणि इतिहासकार सांगतात.

माहिती. यमुनेला पूर होता. अब्दाली इतक्यात अलीकडे येणार नाही, अशी समजूत होती. ऑक्टोबरच्या अखेरीस तो बागपतजवळ नदी उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. या एका हालचालीने मराठ्यांची दक्षिणेची वाट बंद झाली.

वेळ आणि अंतर. पुण्याहून पानिपत म्हणजे महिन्यांची वाट. नानासाहेबांकडून मदत निघायची तरी केव्हा आणि पोचायची केव्हा? दोन्ही फौजा अडीच महिने समोरासमोर बसल्या. अब्दालीची रसद तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. डिसेंबरमध्ये ते मारले गेले आणि पारडे फिरले. आता उपाशी कोण राहणार हे ठरले होते.

हुकूम. भाऊ आणि इब्राहिमखान गारदी यांची मदार तोफा आणि बांधीव पायदळावर. मल्हारराव होळकरांसारख्यांचा विश्वास गनिमी काव्याच्या धावत्या लढाईवर. हत्तींच्या आणि तोफांच्या गोलाबरोबर घोडदळाने शिस्तीत चालायचे, ही रीत बहुतेकांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. लढाईच्या दिवशी गारद्यांच्या बंदुकांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. विजय हाताशी दिसताच विंचूरकर आणि गायकवाडांची पथके पुढे घुसली, गारद्यांच्या माऱ्यापुढे आडवी आली आणि आपल्याच तोफा गप्प करून बसली. हे कोणा चित्रपटात दाखवले असते, तर माझा भाचा नक्की म्हणाला असता, ‘काहीही!’

आणि शत्रूची अक्कल. अब्दाली मागे थांबून लढाई पाहत होता. मधली फळी मोडते आहे हे दिसताच त्याने पळणाऱ्यांना दरडावून परत फिरवले आणि राखून ठेवलेली ताजी फौज, उंटांवरच्या जंबुरक्यांसह, दुपारी पुढे लोटली. मराठ्यांकडे त्या घडीला राखीव असे काही नव्हते. घोडी उपाशी, माणसे उपाशी. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराजाने ही लढाई जवळून पाहिली आणि पुढे फारसीत तिचा वृत्तान्त लिहिला. आदल्या रात्रीबद्दल तो जे सांगतो, त्याचा अर्थ एवढाच की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे सरदारांनी ठरवले होते. हा डावपेच नव्हे. सगळे डावपेच संपल्यानंतरचा तो निर्णय आहे. आणि तो पूर्णपणे पटतो.

माझ्या पाच प्रश्नांवर पानिपत असे उतरते. भाऊंचे निर्णय एकामागून एक चुकत गेलेले दिसतात, पण त्यांतला एकही अशक्य वाटत नाही. प्रत्येकाच्या पाठीमागे भूक, नदी, अंतर किंवा माणसाचा स्वभाव उभा आहे.

खरे अविश्वसनीय वाटते ते त्यानंतरचे. एवढा रक्तपात करून जिंकलेला अब्दाली काही महिन्यांतच परत फिरला. फौजेचा पगार थकला होता, माणसे घरी जायला उतावीळ होती. दिल्लीचे राज्य त्याने केले नाही. दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते. जिंकणारा निघून जातो आणि हरलेला परत येतो, असा शेवट कादंबरीकाराने लिहिला असता तर संपादकाने हस्तलिखित साभार परत पाठवले असते.

कानाजवळून गेलेली गोळी

आता नारळीकरांची कथा. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (इंग्रजी रूपात ती ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, म्हणजे देशभरच्या मुलांनी वाचली आहे.) इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच जगात जाऊन पोचतात. त्या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईसारख्या मोजक्या ठाण्यांपलीकडे पसरता आलेले नाही. हे कुठून बदलले ते शोधत गंगाधरपंत मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयात जातात आणि बखरीत त्यांना उत्तर सापडते: विश्वासरावांना लागायची ती गोळी त्यांच्या कानाजवळून निघून गेली. पुढे त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना याचा उलगडा सांगतो. त्यात गणितातला ‘कॅटॅस्ट्रॉफी’ सिद्धान्त आहे, म्हणजे अटीतटीच्या क्षणी लहानशा फरकाने परिणाम पार उलटा कसा होतो ते. आणि पुंजभौतिकी आहे, जिथे एका कणाची वाट आधी नक्की सांगता येत नाही आणि शक्य तितकी जगे कल्पिता येतात.

कथेत सेनापतीचा नवा निर्णय कुठेच नाही. नारळीकरांनी बदलला तो एक अपघात. ते साहजिक आहे. सिद्धान्ताला सूक्ष्म फरकच हवा होता. पण लष्करी बाजूने पाहिले तर प्रश्न उरतो. विश्वासराव वाचले असते, तरी राखीव फौज अब्दालीकडेच होती. उपाशी घोडी उपाशीच होती. गोळी हुकली म्हणून लढाई जिंकली, यावर माझ्यातल्या वाचकाचे समाधान होईना.

मग पुन्हा त्या दुपारकडे पाहिले. विश्वासराव पडले, एवढ्यावर लढाई संपली नाही. पुतण्या पडलेला पाहून भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर फौजेला अंबारी रिकामी दिसली. गोळी हा अपघात होता; उतरणे हा निर्णय होता. माझ्या मते पानिपतातला अखेरचा लष्करी निर्णय तोच, आणि तो घेणारा माणूस त्या क्षणी सेनापती राहिलाच नव्हता, काका झाला होता. गोळी हुकली असती तर भाऊ हत्तीवरच राहिले असते. ते दिसत राहिले असते. सूर्यास्तापर्यंतचे दोन-तीन तास फौज कदाचित टिकली असती आणि थंडीतल्या त्या छोट्या दिवसात अंधार पडेपर्यंत टिकणे ही लहान गोष्ट नव्हती. लढाई जिंकली असती असे मी म्हणणार नाही. पण ती त्या रीतीने, त्या घडीला मोडली नसती. नारळीकरांची गोळी विश्वासरावांना वाचवते खरी, पण तिचे खरे काम भाऊंना हत्तीवर ठेवणे हे आहे. असे वाचले की कथा पुष्कळच पटते.

दुसरी शंका कंपनीची. पानिपत जिंकल्याने इंग्रज कसे थांबले असते? प्लासी तर १७५७ मध्येच होऊन गेली होती. बंगालचा पैसा आणि समुद्रावरची ताकद त्यांच्याकडे होती. इथे मी नारळीकरांच्या बाजूने बोलेन. १७६४ च्या बक्सरला इंग्रजांसमोर मीर कासीम, बादशहा शाहआलम आणि शुजाउद्दौला होते. हा शुजा तोच, जो पानिपतात अब्दालीच्या बाजूला उभा होता. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांची भरभक्कम फौज असती, तर बक्सरचा पट त्याच सोंगट्यांनी मांडला गेला असता असे म्हणता येत नाही. आणि बक्सरनंतरच १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीला मिळाली. साखळीतली ही कडी कथेत उघड सांगितलेली नाही, पण ती जुळते.

कथेतला एक तपशील मात्र माझ्या पाच प्रश्नांपैकी चौथ्याला चपखल उत्तर देतो. त्या दुसऱ्या जगात विश्वासराव आणि त्यांचे बंधू माधवराव राज्य सांभाळतात आणि राघोबादादा बाजूला पडतात. १७५८ मध्ये अटकेपर्यंत जाऊन आलेली दादांची स्वारी कीर्तीबरोबर कर्जही घेऊन आली होती, आणि पुढे त्यांची महत्त्वाकांक्षा काय करू शकते हे आपल्या जगाने पाहिले. हुकूम कोणाचा, हा प्रश्न लढाईपुरता नसतो. नारळीकर वैज्ञानिक होते, तरी हे त्यांनी नेमके पकडले होते.

आपण काय वाचतो

इतके झाल्यावर एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. मी ही कथा शाळकरी वयापासून वाचत आलो ती विज्ञानासाठी नव्हे. त्या गोळीसाठी. ती हुकली असती तर, हा विचार कितीदा तरी मनात घोळवला आहे आणि मी एकटा नाही. मराठी घरांत पानिपत अजून चालूच असते. कोणी होळकरांना दोष देतो, कोणी विंचूरकरांना, कोणी बुणग्यांना. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपताचा अभ्यास केला त्याला कितीतरी वर्षे लोटली, विश्वास पाटलांच्या कादंबरीने १९८८ मध्ये ती लढाई पुन्हा घरोघर नेली, तरी आपण एका माणसाला किंवा एका गोळीला धरून बसतो. एका गोळीने हरलो म्हटले की बाकी सगळे ठीक होते, असे म्हणायची सोय होते. रसद, हेरगिरी, एकवाक्यता यांबद्दल मग बोलावे लागत नाही.

नारळीकरांच्या कथेचा शेवट मात्र ही सोय करून देत नाही, आणि हे मला यंदा प्रथमच नीट दिसले. गंगाधरपंत आझाद मैदानावरच्या सभेत रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीत जाऊन बसतात. त्यांच्या जगात अध्यक्षाविना सभा नसते. त्या जगाला अध्यक्षांची कटकट नकोच आहे. लोक त्यांच्यावर वस्तू फेकतात आणि ते तिथून नाहीसे होतात, ते थेट आपल्या जगात येतात. जिंकलेल्या जगात त्यांना जागा नव्हती. परतल्यावर ते पानिपतावरचे भाषण रद्द करतात. हजारावे अध्यक्षीय भाषण व्हायचे होते ते. ज्या माणसाला ‘असे झाले असते तर’ हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले, त्याला त्यावर बोलावेसे वाटत नाही.

भाचा दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा येईल. अ‍ॅडमिरल ओझेलच्या बाजूने बोलायला आता माझ्याकडे उत्तर आहे: त्याला काय माहीत होते आणि त्याच्यावर कोणाचा दाब होता हे चित्रपटाने दाखवले आहे, तेव्हा त्याचा मूर्खपणा चालेल. रिकामे जहाज घुसवणे चालणार नाही, कारण उद्या शत्रूही तेच करील आणि मालिका तिथेच संपेल. नवे विज्ञान कल्पायची लेखकाला हवी तेवढी मोकळीक आहे. भूक, अंतर आणि माणसाचा स्वभाव यांत मात्र त्याला सूट नाही.

त्याला घेऊन एकदा चौकच्या धारावी किल्ल्यावर जायचे ठरवले आहे. तिथून खाडीचे तोंड आणि पलीकडचा वसईचा किनारा दिसतो. तिथे उभा करून त्याला विचारणार आहे: तू चिमाजी अप्पा आहेस, मे महिना लागला आहे, पाऊस जवळ आलाय, पुण्याहून फौज परत मागवली जाते आहे. सांग, काय करशील?